अंगी लागतं का? शाळेतल्या आरोग्य प्रकल्पाच्या नोंदी, 2024-25

20 जून
शाळा उघडून आठवडा होत आला. आरोग्याचं काम यंदा माझ्याकडे आलं. कपाटातून जुनी रजिस्टरं काढली: वजन-उंची, लोहाच्या गोळ्या, जंतनाशक, पोषण आहाराची चव नोंदवही, आरोग्य पथकाची तपासणी कार्डं, आणि हात धुवा दिनाच्या फोटोंची एक अख्खी फाईल. कागदावर कशाचीच उणीव नाही. सह्या आहेत, शिक्के आहेत, गोळ्यांचा हिशोब तंतोतंत जुळतो.

म्हणून ठरवलं की यंदा नवीन उपक्रम एकही काढायचा नाही. आहे ते मुलांच्या अंगी लागतं का, एवढंच बघायचं आणि इथे लिहीत जायचं. मुख्याध्यापक म्हणाले, "फोटो मात्र काढत जा मॅडम, वर लागतात." काढीन.

जरा आमच्याविषयी, म्हणजे पुढचं वाचताना संदर्भ लागेल. चोपडा तालुका, सातपुड्याच्या पायथ्याचं गाव, जिल्हा परिषदेची पहिली ते सातवीची शाळा. निम्मी मुलं गावातली, घरी अहिराणी बोलणारी. उरलेली पाड्यावरची, घरी पावरी बोलणारी. आजूबाजूला केळी, कापूस आणि मका. बहुतेकांचे आईवडील केळीच्या नाहीतर कपाशीच्या मजुरीला.

2 जुलै
वजन-उंची घेतली. काटा आधी तपासला. किराणा दुकानातून मापं मागवली, काटा ठीक निघाला. घोळ उंचीत होता. भिंतीवर रंगवलेली उंचीची पट्टी जुन्या फरशीपासून मोजलेली. दोन वर्षांपूर्वी वर्गात टाईल बसल्या, जमीन चार सेंटिमीटर वर आली आणि पट्टी होती तिथेच राहिली. म्हणजे टाईल बसल्यापासून प्रत्येक मूल कागदावर चार सेंटिमीटरने उंच.

चार सेंटिमीटरने काय होतं? 21 किलोचं, 120 सेंटिमीटरचं मूल घ्या. वजन भागिले उंचीचा वर्ग केला की बीएमआय येतो 14.6. तेच मूल 124 चं धरलं की 13.7. बरं असलेलं मूल कागदावर हडकतं. गेल्या वर्षीच्या 'कृश' यादीत एवढी नावं का होती ते आता कळतंय. पट्टी पुसून नवीन आखली. पाचवीच्या मुलांकडूनच आखून घेतली, मोजमापाचा धडाही त्यात उरकला.

यादी लहान झाली, पण रिकामी नाही झाली. जी नावं उरली ती खरोखरच काळजीची आहेत.

9 जुलै
परिपाठानंतर प्रत्येक वर्गात एकच प्रश्न विचारायचा असं सगळ्या शिक्षकांनी मिळून ठरवलं: "काय खादं सकायले?" प्रमाण मराठीत विचारलं की मुलं पुस्तकी उत्तर देतात, "दूध आणि पोळी." अहिराणीत विचारलं की खरं सांगतात.

गावातल्या मुलांचं उत्तर जवळजवळ ठरलेलं: चहा-टोस. काहींचं चहा-खारी, काहींचं नुसता चहा. पाड्यावरची मुलं मात्र भाकर खाऊन येतात. माझा अंदाज नेमका उलटा होता. कारण साधं आहे. पाड्यावरच्या बाया सहा-साडेसहाला केळीच्या बागेत जायला निघतात, त्याआधी भाकरी थापून मोकळ्या होतात. गावात स्वयंपाक नऊ-दहाला. तोवर चहात टोस बुडवायचा आणि दहाला दप्तर उचलायचं.

शाळा साडेदहाची, जेवणाची सुट्टी दीडला. म्हणजे निम्मी शाळा रात्रीच्या जेवणानंतर थेट दीड वाजता धड जेवते. बारानंतर गणिताच्या तासाला जी जांभयांची साथ येते तिचं कारण गणित नाही. शिवाय चहातलं टॅनिन अन्नातलं लोह नीट शोषू देत नाही, हा भाग वेगळाच.

23 जुलै
लोहाच्या गोळ्या. पहिली ते पाचवीला गुलाबी, 45 मिलीग्रॅम लोह आणि 400 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. दहा वर्षांपुढच्यांना निळी, 60 आणि 500. आठवड्यातून एकदा. आजवर त्या परिपाठाला वाटल्या जायच्या, कारण तेव्हा सगळे रांगेत असतात आणि मोजायला सोपं जातं.

रिकाम्या पोटी लोहाची गोळी म्हणजे मळमळ, कधी उलटी. चौथीतली एक मुलगी सरळ म्हणाली, "गोयी खादी का उलटी व्हस." तिच्या आईने गोळी बंद करायला सांगितली होती, म्हणून ती तोंडात धरून ठेवायची आणि पाण्याच्या टाकीमागे थुंकायची. टाकीमागे जाऊन पाहिलं. भिंतीच्या कडेला ओल्या मातीत गुलाबी डाग, एकीचे नव्हेत, बऱ्याच जणींचे. आणि रजिस्टरवर शंभर टक्के वाटप.

आजपासून गोळी जेवणानंतर, ताटावरून उठायच्या आधी, शिक्षकांच्या समोर. पालकांना निरोप गेला की शी काळसर होईल, घाबरू नका, ते लोहामुळे होतं. हा निरोप पहिल्याच आठवड्यात जायला हवा, नाहीतर गावात भलतंच काहीतरी पसरतं.

रजिस्टरमध्ये तारीख, पट आणि गोळ्यांची संख्या यांना रकाने आहेत, वेळेला नाही. पेन्सिलने आखून घेतला.

13 ऑगस्ट
काल कानबाईचं विसर्जन, खानदेशातला श्रावणातला देवीचा सण. पट निम्म्यावर, आणि जे आले ते रोट खाऊन सुस्तावलेले. आज जंतनाशक गोळीची तयारी. राष्ट्रीय दिवस 10 फेब्रुवारी आणि 10 ऑगस्टचे, पण आपल्याकडे गोळ्या आणि तारीख तालुक्यावरून येईल तेव्हा खरं.

अल्बेंडाझोल 400 मिलीग्रॅम. चावून खायची, गिळायची नाही. आशाताई हेच सांगून सांगून दमतात. मी यंदा पालकसभेत वेगळा मुद्दा मांडला: अंकुशकृमी पायाच्या तळव्यातून शिरतो आणि आतड्याला चिकटून रक्त पितो. म्हणजे आपण वरून लोह घालतोय आणि तो खालून काढतोय. अनवाणी शौचाला जाणं थांबलं नाही तर गोळी सहा महिन्यांपुरती. मागे बसलेल्या एका आबांनी विचारलं, "मंग वर्गाना बाहेर चपला कसाले काढाले लावतस?" बरोबर आहे. वर्गात अनवाणी चालतं. पण सुट्टीत मुलं तशीच अनवाणी संडासाकडे पळतात, कारण चपलांच्या ढिगात आपली जोडी सापडेपर्यंत सुट्टी संपते. ढिगाऐवजी भिंतीला फळी ठोकली आणि चार जुन्या मोठ्या स्लीपर संडासाच्या दाराशीच ठेवल्या.

10 सप्टेंबर
पाण्याच्या बाटल्या.

आठवडाभर शाळा सुटताना बाटल्या बघत होते. मुलांच्या रिकाम्या. सहावी-सातवीच्या मुलींच्या भरलेल्या, सकाळी घरून आणल्या तशा. वॉटर बेल ठेवली तर वाजल्यावर मुली बाटली तोंडाला लावतात, एक घोट घेतात आणि झाकण लावतात. पाणी प्यायलं की जावं लागतं, आणि जायचं नाही.

का जायचं नाही हे विचारायला सुट्टीत मुलींना घेऊन बसले. सुरुवातीला सगळ्या हसल्या. मग एकेक बाहेर आलं. मुलींच्या संडासाला आतून कडी नाही, म्हणून एकीने बाहेर दार धरून उभं राहायचं. दार धरणारी नेहमी मैत्रीणच असते असं नाही. बादलीत पाणी नसतं, कारण नळ मुताऱ्यांच्या बाजूला आणि तिकडून बादली आणायची तर मुलांच्या समोरून. पाळी आली की सातवीच्या मुली शाळेलाच येत नाहीत. दुपारी पोटात, कमरेत दुखतं, लघवीला जळजळ होते हे तिघी-चौघींनी सांगितलं. घरी कुणाला बोललेल्या नाहीत.

शाळेच्या कागदावर 'मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह: आहे'. तपासायला येणाऱ्यांनी दार उघडून आत पाहिलेलं असेल. आत जाऊन दार लावून कुणी पाहिलेलं दिसत नाही.

कडी गावातल्या वेल्डरने बसवून दिली, पैसे घेतले नाहीत. आतून खुंटी, फ्रॉक-ओढणी अडकवायला. हे मुलींनीच सांगितलं, मला सुचलं नसतं. नळाची फांदी काढायला शाळा व्यवस्थापन समितीत विषय मांडला. अध्यक्ष म्हणाले, पाईप मी देतो, मजुरी ग्रामपंचायत देईल. समितीतल्या एका वहिनींनी पॅडचा डबा आणि झाकणाची बादली मागितली. ती मागणी मी लिहून घेताना बाकी सगळे खिडकीबाहेर बघत होते, पण ठराव झाला.

जळजळ होणाऱ्या मुलींना सिस्टरकडे नेलं. औषधं मिळाली. सिस्टरचा पहिला प्रश्न हाच होता: दिवसभरात पाणी किती पितात?

3 ऑक्टोबर
राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक आलं. दोन डॉक्टर, एक फार्मासिस्ट, एक सिस्टर. वर्षातून एकदा शाळेत, दोनदा अंगणवाडीत. जन्मजात व्यंग, कमतरता, आजार, वाढीतला विलंब अशा चार अंगांनी मुलाला बघतात. एका दिवसात अख्खी शाळा उरकायची असते, तेव्हा एका मुलाच्या वाट्याला मोजकी मिनिटं. ती मिनिटं वाया जाऊ नयेत म्हणून आधीच प्रत्येक शिक्षकाकडून एक चिठ्ठी घेतली होती: कोण फळा जवळ येऊन बघतं, कोण धापा टाकतं, कोणाला हाक दोनदा मारावी लागते. डॉक्टरांनी चिठ्ठ्या हातात घेऊन त्या मुलांपासूनच सुरुवात केली. हे पुढेही करायचं.

डोळ्यांचा तक्ता सहा मीटरवर. तिसरीतला एक मुलगा वरच्या दोन ओळींपुढे गेलाच नाही. त्याचे वर्गशिक्षक गप्प झाले, कारण 'लिहून घेत नाही' ही त्या मुलाबद्दल त्यांचीच जुनी तक्रार.

दुसरं प्रकरण पाड्यावरचं. पाचवीतला मुलगा, थंडी पडली की हातपाय दुखतात म्हणून बसून राहतो. खेळाच्या तासाला त्याचं नाव 'आळशी' पडलेलं. सिकलसेलची, म्हणजे आईवडिलांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, सोल्युबिलिटी चाचणी पॉझिटिव्ह. ही नुसती चाळणी, वाहक आहे की आजार आहे ते यातून कळत नाही. त्यासाठी पुढची तपासणी, चोपड्याच्या उपजिल्हा रुग्णालयात नमुना द्यायचा आहे. वडिलांना म्हटलं, मी येते बरोबर.

15 ऑक्टोबर
हात धुवा दिन. फोटो काढले. साबण दोन दिवसात गायब व्हायचा, आता जाळीत घालून नळाला बांधला आहे.

25 नोव्हेंबर
दिवाळीची सुट्टी, लगेच विधानसभेच्या निवडणुकीचं काम. शाळेतच मतदान केंद्र. महिनाभर आरोग्याचं काही झालं नाही, तेही लिहून ठेवते.

परत आलो तर मैदानावर मका वाळत घातलेला. दरवर्षीचंच. कणसांचे ढीग, मग दाण्यांचे पट्टे, मग राखण करणाऱ्यांच्या खाटा. खेळाचा तास म्हणजे मुलांनी ओट्यावर बसून मक्याकडे बघायचं. ज्यांचा मका, त्यांचीच मुलं. भांडून उपयोग नाही. सरपंचांशी बोलून एवढं पदरात पाडलं की शाळेच्या बाजूची पट्टी, खो-खोचं मैदान मावेल एवढी, चुन्याने आखून रिकामी ठेवायची. लंगडी आणि खो-खोला तेवढी पुरते. लगोरीचा चेंडू मक्यात गेला की राखणदार ओरडतो, मुलांना तोही खेळच वाटतो.

पाड्यावरची काही घरं ऊसतोडीला गुजरातकडे निघाली. बरोबर मुलं. प्रत्येकाच्या हाती एक जाड पुठ्ठ्याचं कार्ड दिलं: वजन, उंची, कोणत्या गोळ्या किती झाल्या, काय तपासायचं राहिलं. तिकडे कुणी वाचेल का सांगता येत नाही, म्हणून मराठीबरोबर मागे गुजरातीतही लिहून घेतलं. गावातल्या एका सुनेचं माहेर सुरतेकडचं आहे, तिने लिहून दिलं.

11 डिसेंबर
तंबाखूमुक्त शाळेची पिवळी रेघ. कायद्याप्रमाणे शाळेपासून शंभर यार्ड, म्हणजे 91 मीटरच्या आत तंबाखूचा कोणताही माल विकता येत नाही. सातवीच्या मुलांनी टेप धरून मोजलं. टपरी आली 60 मीटरवर.

टपरीवाला भला माणूस. मुलांना गुटखा देत नाही असं शपथेवर सांगतो, आणि गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे हेही त्यालाच जास्त ठाऊक. पण पुड्यांची माळ टांगलेली असतेच, आणि मुलं घरच्यांसाठी म्हणून ती घ्यायला जातातच. दंड दोनशे रुपयांपर्यंतचा. दोनशे रुपयांनी कुणी टपरी हलवत नाही. आम्ही वेगळा हिशोब मांडला. शाळा सुटताना मुलं पाच रुपयांच्या तळलेल्या पुड्या घेतात. त्याऐवजी शेंगदाणा-गुळाचे लाडू ठेव, तेवढ्याच किमतीचे, बचत गटाच्या बाया करून देतील. तंबाखू रेघेपलीकडे. तो म्हणाला, "करीसन दखू." पाहू.

7 जानेवारी
सिकलसेलचा अहवाल आला. मुलाला आजारच आहे, दोन्ही पालक वाहक. सरकारचं निर्मूलन अभियान 1 जुलै 2023 ला सुरू झालं, त्यामुळे औषध आणि पाठपुरावा मिळतो आहे. वडिलांना सगळ्यात जास्त लागलं ते हे, की हे आपल्याकडूनच गेलं. समुपदेशकांनी समजावलं, दोघं वाहक असतील तर प्रत्येक मुलात चारातला एक धोका, त्यात कुणाचा दोष नाही.

शाळेसाठी यातून दोन गोष्टी. पहिली, या मुलाला मंगळवारची गुलाबी गोळी द्यायची नाही, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय लोह नाही. फॉलिक ॲसिड वेगळं सुरू आहे. सगळ्यांना सरसकट वाटायची सवय लागलेल्या शाळेत एकाला वगळणं अवघड जातं. बदली शिक्षक आले की चूक व्हायची शक्यता जास्त, म्हणून रजिस्टरच्या पहिल्याच पानावर लाल शाईने. दुसरी, त्याने पाणी भरपूर प्यायचं, थंडीत अंगात स्वेटर, उन्हात धावायचं नाही, ताप किंवा छातीत दुखलं तर वाट न बघता दवाखाना. खो-खोत तो आता पंच आहे. शिट्टी त्याच्याकडे असल्यामुळे 'आळशी' म्हणायची कुणाची टाप नाही.

30 जानेवारी
पोषण आहारातल्या अंड्यांसाठी वेगळा निधी यापुढे मिळणार नाही, लोकसहभागातून द्या असा आदेश. आमच्याकडे अंड्याचा दिवस म्हणजे शंभर टक्के पट, अंडं न खाणाऱ्यांना केळं. आता लोकसहभाग कुणाचा? केळीवाले शेतकरी घड पाठवायला एका पायावर तयार असतात. केळं चांगलंच आहे, पोट भरतं, ताकद येते. पण 'केळी खा, रक्त वाढेल' हे इथलं आवडतं वाक्य खरं नाही. शंभर ग्रॅम केळ्यात लोह अर्धा मिलीग्रॅमही नसतं. बाजरीत साधारण सहा असतं. अंड्याची प्रथिनं केळ्यात येत नाहीत ती गोष्ट निराळी.

म्हणून घड नको, उडीद द्या, बाजरी द्या, शेंगा द्या असं सांगत फिरते आहे. दोघांनी शेंगा दिल्या. एका काकूंनी कळण्याचं पीठ दिलं, ज्वारी-उडदाचं, आणि स्वतः येऊन भाकऱ्या थापून दिल्या. पूरक आहार आठवड्यातून एकदा असतो, तो दुपारऐवजी आता सकाळी अकराला देतो. शेंगदाणे-गूळ तर जमेल तेवढे दिवस अकरालाच. चहा-टोसवाल्यांसाठी हीच खरी न्याहारी.

शेवग्याच्या पाल्याचं मात्र जमत नव्हतं. पाककृतींच्या यादीत मूग-शेवगा वरण आहे, परसबागेत दोन झाडं आहेत, पण स्वयंपाकाच्या मावशी म्हणायच्या, "पालाना वास येस, पोरे खातीन नही." आणि पोरं खरंच पाला बोटाने काढून ताटाच्या कडेला लावायची. मावशींनीच तोड काढली. पाला सावलीत वाळवून चुरायचा, लसणाच्या फोडणीत घालायचा, वरून लिंबू. ताटाची कडा आता स्वच्छ असते. लिंबामुळे लोह जास्त शोषलं जातं हे मी त्यांना सांगितलं, तर म्हणाल्या, ते असू द्या, चव लागते.

10 मार्च
भोंगऱ्याचे, म्हणजे पावरा लोकांचे होळीआधीचे, बाजार सुरू. पाड्यावरचं कुणीच शाळेत नाही आणि असावं अशी अपेक्षाही नाही. ऊसतोडीची काही घरं होळीसाठी परतली. कार्डं परत आली ती मळकी, एकावर तिकडच्या दवाखान्याने गुजरातीत वजन आणि तारीख लिहिलेली. बाकीच्यांवर काही नाही.

तिसरीतल्या मुलाचा चष्मा आला. चार दिवस घातला, पाचव्या दिवशी दप्तरात. 'चष्मिष' म्हणतात. त्याच्या सरांनी दुसऱ्या दिवसापासून स्वतःचा वाचायचा चष्मा वर्गात दिवसभर नाकावर ठेवला. गोळी, कार्ड, तपासणी यांच्यापेक्षा हे वेळखाऊ काम आहे आणि याला रजिस्टर नाही.

24 मार्च
सकाळची शाळा. पारा चाळिशीला टेकतोय, एप्रिल-मेमध्ये आणखी वर जाईल. वॉटर बेल तीनदा. मुलींच्या बाटल्या आता भरलेल्या परत जात नाहीत. नळाची फांदी निघाली, पाईप अध्यक्षांचाच. जलसंजीवनीसाठी मीठ, साखर आणि पाण्याचं प्रमाण सहावीच्या मुलांकडून पाठ करून घेतलं: लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. घरी आईला म्हणून दाखवायचं, हा गृहपाठ.

झोपेबद्दल विचारलं. लग्नसराई, डीजे आणि मोबाईल. या वयाला नऊ ते बारा तास लागतात, सातवीची मुलं सहा-साडेसहा सांगतात. यावर शाळेच्या हातात फार काही नाही. पहिला तास हलका ठेवतो.

9 एप्रिल
वर्षअखेरची वजन-उंची, या वेळी बरोबर पट्टीवर. कृश यादीतली बहुतेक मुलं वाढली, दोघांचं वजन जैसे थे. ती दोघं भावंडं आहेत. घरी जाऊन आले. आई बाळंतपणाला माहेरी, आजी एकटी. त्यांचं काम वजनकाट्याचं नाही, अंगणवाडी आणि आशाताईंना बरोबर घेऊन सुट्टीतही बघायला लागेल. आशाताई म्हणाल्या, आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, आई परत येईल, तोवर मी जाते दर आठवड्याला.

पुढच्या वर्षी हे काम कुणाकडे येईल माहीत नाही, बदल्यांची यादी लागायची आहे. ज्यांच्याकडे येईल त्यांच्यासाठी: लाल शाईचं पान आधी वाचा. गोळी जेवणानंतर. संडासाची कडी पावसाळ्यात गंजून अडकते, वेल्डरचा नंबर नोंदवहीच्या मागच्या पानावर आहे. टपरीवर लाडू सुरू झालेत, माळ अजून तिथेच आहे. चार स्लीपरपैकी एक हरवली आहे, जूनमध्ये नवीन जोड लागेल.